लक्षद्वीपच्या प्रवाळाचा रोजमेळ

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



संस्थेच्या कार्याला पन्नास वर्षे पूर्ण होत असताना, कृष्णाकाठच्या या गावी, प्राणिशास्त्राच्या एका निवृत्त अध्यापकाला समुद्राविषयी बोलण्यास पाचारण करावे याचे मला प्रथम आश्चर्यच वाटले. निमंत्रण घेऊन आलेल्या कार्यवाहांनी सुचविले की, जीवदयेला धरून काही सांगावे. मी होकार दिला. मात्र एक अट घातली. कासव वाचवा, मासा वाचवा असे गोड आवाहन मी करणार नाही. एक प्राणी वाचविल्यामुळे दुसरेच संकट कसे उभे राहिले, याची एक खरी हकिकत मी सांगेन. आणि ज्यांच्या चिकाटीमुळे ती हकिकत आपणांस कळली, त्या मोजमाप करणाऱ्या माणसांविषयी सांगेन. कार्यवाहांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि अट मान्य केली. म्हणून मी येथे उभा आहे.

हकिकत लक्षद्वीपची आहे. केरळच्या किनाऱ्यापासून दोनशे ते साडेचारशे किलोमीटर अंतरावर, अरबी समुद्रात ही छत्तीस बेटे विखुरलेली आहेत. नाव लाखाचे, पण सर्व बेटांची जमीन एकत्र केली तरी ती अवघी ३२ चौरस किलोमीटर भरते. वस्ती दहा बेटांवर. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ६४ हजारांच्या घरात होती. बेटांवर डोंगर नाही, नदी नाही. पावसाचे गोडे पाणी वाळूत मुरते आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर एखाद्या पातळ थराप्रमाणे तरंगत राहते. विहिरीतून तेच उपसावयाचे.

ही बेटे दूरची वाटतात, परंतु आपल्या मंदिराच्या पायथ्याशी जो काळा पाषाण आहे त्याच्याशी त्यांचे नाते आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्या तप्त स्रोतामुळे दख्खनचा लाव्हा उसळला, त्याच स्रोतावरून भारतीय भूखंड उत्तरेकडे सरकत गेला आणि मागे समुद्रतळावर ज्वालामुखींची रांग उरली, असे बहुतेक भूवैज्ञानिक मानतात. लक्षद्वीप, मालदीव आणि छागोस ही त्याच रांगेवरील बेटे. ज्वालामुखी खचत गेले, त्यांच्या कडेने वाढणारे प्रवाळ मात्र प्रकाशाच्या ओढीने वर वर बांधत राहिले आणि अखेरीस मूळ पर्वत बुडून केवळ प्रवाळाचे कडे उरले. चार्ल्स डार्विनने ही कल्पना १८४२ साली ग्रंथरूपाने मांडली होती. अशा कड्याला भूगोलाच्या पुस्तकात कंकणद्वीप म्हणतात आणि कड्याच्या आतील शांत, उथळ, हिरवट पाण्याला खारकच्छ. भारतात कंकणद्वीपे केवळ येथेच आहेत.

तेव्हा ज्या भूमीवर हे चौसष्ट हजार लोक राहतात, ती भूमी दगडाची नव्हे, तर जिवांनी घडविलेली आहे. प्रवाळ म्हणजे मोहरीपासून बोटाच्या पेरापर्यंत आकाराच्या मऊ प्राण्यांची वसाहत. प्रत्येक प्राणी स्वतःभोवती चुन्याची वाटी बांधतो. त्याच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते. शैवालाने सूर्यप्रकाशात अन्न तयार करावयाचे आणि त्यातील मोठा हिस्सा यजमानाला द्यावयाचा, असा हा सहवास. प्रवाळाचे बरेचसे रंगही या शैवालाचेच. काही जाती वर्षाला जेमतेम एक सेंटीमीटर वाढतात, फांद्यांसारख्या वाढणाऱ्या जाती बऱ्याच वेगाने. जगाच्या समुद्रतळाचा एक टक्कासुद्धा भाग या प्रवाळभित्तींनी व्यापलेला नाही, तरी सागरी जीवजातींपैकी सुमारे पाव हिस्सा आयुष्याच्या कोणत्या ना कोणत्या टप्प्यावर त्यांच्या आश्रयाला असतो.

येथे थोडे विषयांतर करतो. आपल्या जीवविचारात प्रवाळाची गणना पृथ्वीकायिक जिवांत केलेली आहे, हे येथील स्वाध्यायी मंडळींना ठाऊक आहेच. आधुनिक प्राणिशास्त्र त्याला प्राणी म्हणते; दोन्ही वर्गीकरणांची मोजपट्टी निराळी आहे आणि ओढून ताणून ती जुळविण्याचा अट्टाहास मी करणार नाही. परंतु युरोपात प्रवाळाला दीर्घकाळ वनस्पती समजत. पेसोनेल नावाच्या फ्रेंच वैद्याने १७२० च्या दशकात, हे प्राणी आहेत, असे निरीक्षणावरून सांगितले, तेव्हा पॅरिसच्या विद्वत्सभेने त्याचे म्हणणे मनावर घेतले नाही. जे दगडासारखे दिसते त्यात जीव आहे, ही गोष्ट पटविण्यास तेथे आणखी काही दशके जावी लागली. आपण बोटात घालतो ते पोवळे मात्र या भित्तींमधले नव्हे. ते प्रामुख्याने भूमध्य समुद्रातील लाल प्रवाळ. आपल्याकडील भित्ती बांधणाऱ्या प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला, स्थान आहे.

आता १९९८ या वर्षाकडे येतो. त्या वर्षी प्रबळ एल निनोमुळे हिंदी महासागराचे पाणी तापले. नेहमीच्या उन्हाळ्यातील कमाल तापमानापेक्षा पाणी एखादा अंश अधिक तापले आणि ते काही आठवडे तसेच राहिले, की प्रवाळ आणि शैवाल यांचा सहवास तुटतो. शैवाल बाहेर टाकले जाते, पारदर्शक देहातून खालचा चुना दिसू लागतो आणि सारी भित्ती पांढरीफटक होते. यास विरंजन म्हणतात. विरंजन म्हणजे लगेच मृत्यू नव्हे; पाणी लवकर निवले तर शैवाल परत येते. न निवल्यास प्रवाळ उपाशी मरते. १९९८ साली जगातील सुमारे सोळा टक्के प्रवाळभित्ती नष्ट झाल्याचा अंदाज आहे आणि लक्षद्वीपलाही त्याचा मोठा तडाखा बसला.

मी २००१ साली दिवाळीच्या सुटीत प्रथम अगत्ती बेटावर गेलो. काचेच्या तळाच्या नावेतून भित्ती पाहिली. निळे-पिवळे मासे पाहून हरखून गेलो आणि परत आल्यावर वर्गात सांगितले की, लक्षद्वीपचा समुद्र अगदी सुस्थितीत आहे. खाली दिसणारा करडा चुना हा तीन वर्षांपूर्वी मेलेल्या वसाहतींचा सांगाडा होता, हे मला उमगले नाही. पदवी प्राणिशास्त्राची होती, शिकविण्याचा अनुभव वीस वर्षांचा होता. फक्त तुलना करण्यासाठी मजजवळ आदला आकडा नव्हता.

तो आकडा ज्यांच्याजवळ होता ते लोक निराळे. म्हैसूरच्या नेचर कन्झर्वेशन फाउंडेशन या संस्थेचे डॉ. रोहन आर्थर आणि त्यांचे सहकारी १९९८ पासून याच भित्तींवर परत परत जात आहेत. काम दिसावयास अत्यंत नीरस आहे. ठरावीक ठिकाणी, ठरावीक खोलीवर बुडी मारावयाची; फीत पसरावयाची; फितीखाली जिवंत प्रवाळ किती, मृत चुना किती, शेवाळ किती, वाळू किती, हे पाटीवर लिहावयाचे; मासे मोजावयाचे; वर यावयाचे. पुढील वर्षी तेच. आपल्यापैकी अनेकांच्या घराण्यात व्यापार आहे, म्हणून आपणांस सांगतो: हा रोजमेळ आहे. एका दिवसाच्या पानावरून पेढी बुडते आहे की तरते आहे हे कळत नाही. ते कळण्यासाठी सलग वह्या असाव्या लागतात आणि त्या एकाच पद्धतीने लिहिलेल्या असाव्या लागतात.

या वह्यांनी काय सांगितले? १९९८ ते २०२२ या काळात अगत्ती, कदमत आणि कवरत्ती येथील जिवंत प्रवाळाचे आच्छादन सुमारे ३७ टक्क्यांवरून १९ टक्क्यांच्या आसपास आले. चोवीस वर्षांत जवळपास निम्मे. या अवधीत उष्णतेचे तीन मोठे तडाखे बसले: १९९८, २०१० आणि २०१६. दर तडाख्यात मरणाऱ्या प्रवाळाचे प्रमाण आधीपेक्षा कमी होत गेले. वरकरणी ही शुभवार्ता. जे नाजूक होते ते आधीच गेले आणि सोशिक उरले, असे समजू. परंतु त्याबरोबर तडाख्यानंतर पुन्हा वाढण्याचा वेगही कमी होत गेला. आणि सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष हा की, विरंजन न होता सलग सहा वर्षे मिळाली तरच भरपाईचा वेग लक्षणीय वाढतो. हा 'सहा'चा आकडा कोणत्याही एका बुडीतून मिळाला नसता. कोणा प्रज्ञावंताला तो स्फुरलाही नसता. तो केवळ वह्यांतून निघाला.

त्यातही सर्व भित्ती सारख्या नाहीत. १९९८ नंतर बेटांच्या पश्चिमेकडील बाजू पूर्वेपेक्षा लवकर सावरल्या. म्हणजे एकाच बेटाच्या दोन बाजूंचे भवितव्य निराळे असू शकते, आणि 'लक्षद्वीपचे प्रवाळ' असे सरसकट बोलणे हाही एक प्रकारचा आळस ठरतो.

आता ज्या हकिकतीचे आश्वासन दिले होते ती सांगतो.

खारकच्छाच्या तळावर समुद्रगवताची कुरणे असतात. हे शेवाळ नव्हे. मूळ, खोड, पाने, फुले असलेली ही खरी वनस्पती आहे. या कुरणांत माशांची पिले लपतात आणि वाढतात, मुळे वाळू धरून ठेवतात. हिरव्या कासवाचे हेच अन्न. पूर्वी लक्षद्वीपमध्ये कासवांची शिकार होत असे आणि त्यांच्या चरबीचा उपयोग होड्यांच्या फळ्यांना लेप देण्यासाठी केला जाई. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार थांबत गेली. कासवे वाढली. जगभर ज्या प्राण्याची चिंता वाहिली जाते तो प्राणी येथे कळपांनी दिसू लागला. संरक्षणाचे याहून मोठे यश ते कोणते?

अगत्तीच्या खारकच्छात कासवांची दाटी एवढी झाली की, त्यांनी कुरण खुडून खुडून अगदी जमिनीसरशी आणले. तेथील कोळी बांधव तक्रार करू लागले: कासवांनी गवत संपविले आणि गवताबरोबर आमचे मासे गेले. असे गाऱ्हाणे ऐकल्यावर शहरातील निसर्गप्रेमी माणूस काय म्हणेल? अडाणी आहेत, मुक्या जिवावर राग काढतात. मीही कदाचित हेच म्हटले असते. संशोधकांनी तसे केले नाही. कोळ्यांचे म्हणणे हे एक विधान मानून त्यांनी ते तपासले. काही जागी जाळीचे कुंपण घालून कासवांना बाहेर ठेवले, तेथे गवत पुन्हा उंच झाले. चरलेल्या आणि न चरलेल्या कुरणांतील मासे मोजले. चरलेल्या कुरणात मासे कमी भरले. कोळी बांधवांचे बोलणे मूलतः खरे होते.

पुढील भाग अधिक अस्वस्थ करणारा आहे. अगत्तीचे कुरण संपल्यावर कासवे तेथे थांबली नाहीत. ती दुसऱ्या बेटाच्या खारकच्छात दिसू लागली, तेथील गवत संपल्यावर तिसऱ्या. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात या संपूर्ण क्रमाची नोंद आहे: एकामागून एक बेटांची समुद्रगवताची कुरणे, ती कुरणे म्हणून जे काम करीत होती त्या दृष्टीने, संपुष्टात आली.

यात दोष कोणाचा? कासवाचा खचितच नव्हे. ते आपले अन्न खात होते. कायदा करणाऱ्यांचाही नव्हे. त्या काळी कासव खरोखरच संकटात होते आणि अन्य अनेक किनाऱ्यांवर आजही आहे. परंतु निसर्गात कासवाच्या संख्येला आवर घालणारे मोठे शार्क मासे असतात आणि शार्क मासे जगभरच्या समुद्रांतून मासेमारीमुळे झपाट्याने घटले आहेत. आपण साखळीतील एक कडी जपली आणि तिच्या शेजारची कडी तुटू दिली. शार्कविषयी कोणाला माया नसते. त्याच्या नावाने देणगी गोळा होत नाही, त्याचे चित्र दिनदर्शिकेवर येत नाही. जीवदया म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे कोणता जीव येतो, याचा विचार मी या हकिकतीनंतर वारंवार केला आहे. कासव मारावे असे मी मुळीच म्हणत नाही; ते करावयास कोणी संशोधकही सांगत नाही. माझे म्हणणे एवढेच की, आपली माया ज्या प्राण्यावर बसते तेवढाच समुद्र नव्हे.

दुसरी एक गोष्ट या सभेत बोलावी की नाही याचा मी विचार केला; बोलतो. आपल्यापैकी बहुतेकांच्या ताटात मासा नसतो आणि मासेमारी या शब्दानेही काहींना क्लेश होतात, हे मी जाणतो. तथापि लक्षद्वीपची भित्ती आजवर जी काही टिकली, तिचे मोठे श्रेय तेथील कोळ्यांच्या मासेमारीच्या पद्धतीस आहे. मिनिकॉय बेटावर फार पूर्वीपासून काठीला गळ लावून एकेक कुप्पा, म्हणजे ट्यूना मासा, उचलून घेण्याची रीत होती. १९६० च्या दशकापासून मत्स्यव्यवसाय खात्याने यांत्रिक होड्या देऊन ही रीत अन्य बेटांवर नेली. परिणाम असा झाला की, मासेमारीचा भार भित्तीवरून उठून खुल्या समुद्राकडे गेला. भित्तीवरचे मासे वाचले आणि त्यांतील पोपटमाशांसारखे शाकाहारी मासे शेवाळ खरवडत राहिल्यामुळे नव्या प्रवाळाला बूड टेकण्यास जागा मिळत राहिली. या मासेमारीस आमिष म्हणून जिवंत बारीक मासे लागतात; ते खारकच्छातून आणि प्रवाळाच्या आसऱ्यानेच मिळतात. म्हणजे खुल्या समुद्रातील धंदाही शेवटी भित्तीच्या भांडवलावरच चालतो. हे नियोजन भित्ती वाचविण्यासाठी कोणी केले नव्हते. ते घडून गेले. आता बाहेरच्या बाजारपेठेची मागणी वाढल्याने भित्तीवरच्या मोठ्या माशांकडे पुन्हा नजर वळू लागली आहे, ही चिंतेची बाब.

ही नजर वळली म्हणजे काय होते, याचे एक उदाहरण बित्रा या सर्वांत लहान वस्तीच्या बेटाजवळचे आहे. २०११ साली तेथे तीनशेही माणसे नव्हती. डॉ. रुचा करकरे आणि सहकाऱ्यांनी तेथे गोब्रा माशांच्या एका जातीचा प्रजननासाठी भरणारा मेळा अभ्यासला. एरवी विखुरलेला राहणारा हा मासा हिवाळ्यातील अमावास्येच्या सुमारास विलक्षण दाटीने एकत्र येतो आणि त्या दाटीत नरांचे प्रणयाराधनाचे असे प्रकार दिसले, जे विरळ वस्तीत दिसत नाहीत. पुढे तेथे मासेमारी सुरू झाली, दाटी घटली आणि ते वर्तनही दिसेनासे झाले. मासे समूळ नष्ट झाले नव्हते. नाहीसा झाला तो त्यांचा मेळा. आपल्या गावच्या जत्रेला पाच माणसे आली तर तिला कोणी जत्रा म्हणेल काय?

आपल्या महाराष्ट्राचे काय, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास प्रवाळाचे लहान लहान पट्टे आहेत. १९८७ साली सुमारे २९ चौरस किलोमीटरचे मालवण सागरी अभयारण्य जाहीर झाले. त्यास स्थानिक मच्छीमारांचा विरोध राहिला, आणि तो सर्वस्वी निराधार होता असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. किनाऱ्यापासून शंभराहून अधिक किलोमीटर आत कान्होजी आंग्रे यांचे नाव धारण करणारी आंग्रिया बँक ही बुडालेली प्रवाळभूमी आहे. डिसेंबर २०१९ मध्ये तेथे शास्त्रज्ञांची एक मोहीम जाऊन आली. राज्य शासनाने २०१८ च्या डिसेंबरात एक योजना आणली: जाळ्यात कासव, देवमासा किंवा व्हेल शार्क अडकल्यास मच्छीमाराने जाळे कापून त्यास सोडावे, चित्रण सादर करावे आणि जाळ्याच्या नुकसानीपोटी पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई घ्यावी. मला ही योजना आवडते. कारण तीत दयेचा खर्च गरिबाच्या माथी मारलेला नाही. परंतु आमच्या किनाऱ्यावरील प्रवाळाची पंचवीस वर्षांची, न खंडणारी वही कोठे आहे असे कोणी विचारले, तर मला लक्षद्वीपकडेच बोट दाखवावे लागते.

या वह्या लिहिण्यास पैसा मिळणे कठीण असते. इमारतीस देणगीदार मिळतो, त्याच्या नावाची संगमरवरी पाटी लागते. दरवर्षी तीच फीत त्याच जागी पसरण्यास देणगीदार मिळत नाही. संस्थेच्या विश्वस्तांसमोर मी हे मुद्दाम बोलतो आहे, हे त्यांच्या ध्यानात आले असेलच.

शेवटी ताजी स्थिती सांगून थांबतो. ऑक्टोबर २०२३ पासून लक्षद्वीपच्या समुद्रात उष्णतेची लाट राहिली आणि २०२४ च्या उन्हाळ्यात केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेने तेथे तीव्र विरंजन झाल्याचे जाहीर केले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेच्या सागर व वातावरण संस्थेने जगभरातील चौथे महाविरंजन घोषित केले होते. १९९८ ते २०१० या दोन तडाख्यांत बारा वर्षांचे अंतर होते, २०१० ते २०१६ सहा वर्षांचे, २०१६ ते २०२४ आठ वर्षांचे. सहा वर्षे तर केवळ वेग पकडण्यास लागतात. बाराच्या जागी सहा-आठ वर्षे आली, तर खरी वाढ होण्यास एक-दोन वर्षेच उरतात किंवा तीही उरत नाहीत. २०२४ पासून मोजले तर सहावे वर्ष २०३० हे येते. तोवर दुसरा तडाखा बसला की नाही आणि भित्तीने काय जमा केले, हे त्या वर्षी अगत्तीला पाण्याखाली फीत घेऊन जो उतरेल त्याच्या पाटीवर लिहिलेले असेल. माझ्या वयाकडे पाहता तो आकडा मला वाचावयास मिळेल की नाही, ठाऊक नाही. या सभागृहात मागील रांगांत बसलेल्या विद्यार्थ्यांना मात्र तो मिळेल.